मे महिन्यात पुस्तकांचं कपाट उघडं ठेवा

प्रति,
दापोली तालुक्यातल्या प्राथमिक शाळांचे मुख्याध्यापक, पहिली ते चौथीचे शिक्षक-शिक्षिका आणि शाळा व्यवस्थापन समित्यांचे सर्व सभासद

विषय : लहान मुलांची मे महिन्याची सुट्टी आणि तिच्यातला अभ्यास

स. न. वि. वि.

या तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत मी ३१ वर्षं शिकवलं, त्यातली बहुतेक वर्षं पहिली-दुसरीला. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. वार्षिक परीक्षा संपत आल्या की शाळाशाळांत सुट्टीच्या अभ्यासाचं ठरायला लागतं, म्हणून हे पत्र आत्ताच लिहिते आहे. मे उजाडल्यावर लिहून उपयोग नव्हता.

गेल्या सुट्टीत दोन मुलं माझ्या डोळ्यांसमोर होती. एक माझा नातू, ठाण्याच्या एका शाळेतला, दुसरी संपवून आलेला. त्याच्या बॅगेत कपड्यांच्या खाली ६४ पानांची छापील पुस्तिका होती. प्रत्येक पानावर तारीख, खाली पालकांच्या सहीची चौकट. रोज दहा वाजता तो ओटीवर पाट घेऊन बसायचा आणि समोरच्या आगरात वाडीतली पोरं काजूच्या बिया मांडून खेळायची. त्याची मान पुस्तिकेत आणि कान आगरात. आठ दिवसांनी मी पुस्तिका चाळली तर पुढची चौदा पानं एकाच बैठकीत भरलेली, अक्षर मोठ्या बहिणीचं. उरलेली पानं परत गेल्यावर शेवटच्या दोन रात्रींत त्याच्या आईने भरली. जूनमध्ये शाळेने पहिल्या पानावर चांदणी चिकटवली. आत कुणी पाहिलंच नाही.

दुसरी, आमच्या शेजारची मुलगी. गावातल्याच शाळेत, पहिली संपवलेली. तिला अभ्यास काहीच नव्हता. एप्रिलमध्ये तिला नुकती जोडाक्षरं लागायला लागली होती. दुकानाच्या पाटीवरचं ‘प्रकाश’ ती अडखळत, पण स्वतःचं स्वतः वाचायची आणि वाचून झालं की माझ्याकडे वळून बघायची. सगळा मे ती करवंदांच्या जाळ्यांत, काजूच्या बागेत आणि बंदरावर होती, छान उनाडली. जूनच्या मध्याला तीच पाटी मी तिला दाखवली. ‘प’वर बोट ठेवून ती थांबली, मग ‘क’कडे गेली, मग माझ्याकडे न बघताच पळाली.

सुट्टीत अभ्यास असावा की नसावा, हा वाद मी अर्धं आयुष्य ऐकत आले. या दोन मुलांकडे बघून मला तो वादच चुकीचा वाटतो. नातवाचा मे गेला आणि पदरात काही पडलं नाही. शेजारच्या पोरीचा मे सुखाचा गेला, पण वर्षभर कष्टाने आलेलं वाचन ती गमावून बसली. हे दोन्ही टाळता येतं. रोज वीस मिनिटं द्यायची आणि ती कशाला द्यायची एवढंच नीट ठरवायचं.

माझ्या हातून झालेली चूक आधी सांगते. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मीही सुट्टीसाठी रोज एक पान शुद्धलेखन आणि दोन ते पंधराचे पाढे लिहायला सांगत असे. जूनमध्ये वह्या यायच्या, पानं मोजून बरोबर. एका मुलाची वही उघडली तर ४५ पानं एकाच शाईची, आणि पहिल्या दहा पानांनंतर अक्षर असं काही घसरत गेलेलं की शेवटची पानं वाचताच येईनात. तीन दिवसांत बसून त्याने सगळं संपवलं होतं. एप्रिलपर्यंत त्याचं अक्षर सुंदर होतं. ते मी बिघडवलं, कारण मी त्याच्याकडे पानं मागितली होती. पुढे दिवाळीपर्यंत त्याचं अक्षर पूर्वपदावर आणायला आम्हा दोघांनाही घाम फुटला.

एका दिवसात तीन तास आणि अठरा दिवस रोज दहा मिनिटं, वेळ दोन्हीकडे तेवढाच. पण दुसरं टिकतं. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये विसरण्याचा आलेख मांडला आणि विभागून केलेलं पाठांतर जास्त टिकतं हेही दाखवलं, तेव्हापासून हे माहीत आहे. सुट्टीत नेमकं काय विसरतं याचाही अंदाज आहे. १९९६ मध्ये अमेरिकेत हॅरिस कूपर आणि सहकाऱ्यांनी ३९ अभ्यास एकत्र तपासले. सुट्टीमुळे साधारण महिन्याभराची पीछेहाट होते, आणि सगळ्यात जास्त घसरतात ती आकडेमोड आणि शब्दांचं स्पेलिंग, असं त्यांना आढळलं. त्यांची सुट्टी अडीच-तीन महिन्यांची, आपली दीड महिन्याची, त्यामुळे तो महिन्याचा आकडा आपल्याला जसाच्या तसा लावू नये. शिवाय अशा मोजमापांवर पुढे शंकाही घेतल्या गेल्या आहेत. पण काय निसटतं, हे माझ्या जूनच्या वर्गांशी तंतोतंत जुळतं : हातच्याची वजाबाकी आणि जोडाक्षरं. गोष्ट समजणं, बोलणं, प्रश्न विचारणं यातलं काही कमी होत नाही, उलट मे महिन्यात ते वाढतं.

तुमच्यावरचा दबाव मला कळतो. निपुण भारत अभियान २०२१ मध्ये सुरू झालं, २०२६-२७ पर्यंत तिसरीच्या प्रत्येक मुलाला वाचता आणि हिशोब करता आला पाहिजे असं त्याचं उद्दिष्ट. दुसरीच्या मुलाने मिनिटाला ४५ ते ६० शब्द वाचावेत अशी अपेक्षा आहे. जूनमध्ये मूल मागे सरकलेलं आलं की हिशोब तुम्हालाच द्यावा लागतो. पण त्याच शासनाचं २०२० चं दप्तराचं ओझं कमी करण्याचं धोरण (दप्तर धोरण) सांगतं की दुसरीपर्यंत गृहपाठ नको, आणि तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास. एरवीच्या दिवसांत ज्याला घरी लिहायचा अभ्यास नको, त्याला मे महिन्यात ६४ पानं कशी काय चालतात? शिक्षण हक्क कायदा पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन मागतो. ते तुम्ही पुरे केलेले असतात. उरलेले दिवस मुलांचे आहेत. विश्रांती आणि खेळ हा मुलांचा हक्क आहे असं म्हणणाऱ्या बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात आपला देश १९९२ मध्ये सामील झालेला आहे.

आता आपल्याकडचा मे कसा असतो ते बघा. पुस्तिका छापणाऱ्याने असं धरलेलं असतं की आई-बाबा सकाळी मुलाशेजारी निवांत बसतील. इथे मे म्हणजे आगोटीची कामं. पावसाआधी लाकूडफाटा भरायचा, कौलं शाकारायची, रातांबे फोडून आमसुलं घालायची, फणसपोळ्या वाळवायच्या, मासळी सुकवायची. बागायतदाराकडे आंब्याच्या शेवटच्या तोडीची धावपळ. हर्णै, बुरोंडी, दाभोळच्या कोळीवाड्यांत तर विचारूच नका. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, त्यामुळे मे महिना म्हणजे शेवटच्या फेऱ्या, होड्या वर ओढणं, जाळी आवरणं. त्या घरातल्या आईला पान ३७ वर सही करायला वेळ नसतो. मग ती रात्री सगळ्या पानांवर एकदम सह्या करते आणि मूल त्यातून काय शिकायचं ते शिकतं.

पण याच धावपळीत मुलांच्या हाताखालून केवढं गणित जातं! पहिलीचं मूल काजूच्या बोंडूपासून बिया सुट्या करतं. दहा-दहाचे ढीग लावले आणि १३ ढीग होऊन ७ उरल्या, तर १३७ म्हणजे काय हे त्याला कुठल्याही तक्त्यापेक्षा जास्त कळलेलं असतं. आंब्याच्या पेटीत फळ मोठं असेल तर चार डझन बसतात, बारीक असेल तर पाच-सहा. गवतात पिकत घातलेल्या आढीतून रोज आठ पिकलेले काढले तर पाच डझन किती दिवस पुरतील? सात दिवस, आणि चार आंबे उरतात. त्या चार आंब्यांवरून भावंडांत जे भांडण होतं तिथून अपूर्णांक सुरू करावा. आणि भरतीचा हिशोब! तिथीची पाऊणपट करायची की भरतीचा अंदाज येतो. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. हिशोब ढोबळ आहे, बंदराबंदराप्रमाणे थोडं मागेपुढे होतं, पण आमच्या आजोबांच्या पिढीला त्यासाठी पाऊणकी पाठ असायची. चौथीच्या मुलाने आठ दिवस वहीत तिथी, हिशोबाने आलेली वेळ आणि किनाऱ्यावर खरी दिसलेली वेळ अशा तीन रकान्यांत नोंद ठेवली, तर घड्याळ, पाढे आणि तक्ता तिन्ही झाले. किनाऱ्यावर मोठं माणूस सोबत हवंच. दर मे महिन्यात समुद्रात बुडाल्याच्या बातम्या येतात, आणि ओहोटीच्या ओढीला लहान मूल उभं राहू शकत नाही.

इथे एक गोष्ट मात्र मला नीट सांगायची आहे, कारण ‘मुलं अनुभवातून आपोआप शिकतात’ असं आपण फार सहज बोलतो. माझ्या वर्गात एक मुलगा होता, आई मासे विकायची. सुट्टीत तो तिच्याबरोबर बसायचा. तीन वाटे १२० ने, गिऱ्हाइकाने ५०० ची नोट दिली की क्षणात १४० परत. मी शाळेत त्यालाच ५०० मधून ३६० वजा करायला दिले. वहीत उत्तर आलं २६०. शून्यातून सहा जात नाहीत, म्हणून त्याने सहातून शून्य घालवलं होतं. मी त्याला म्हटलं, “अरे, बाजारात तू असे पैसे दिलेस तर आई काय म्हणेल?” तो म्हणाला, “बाई, ते पैसे असतात. हे गणित आहे.”

त्याचं ते वाक्य मी अनेक वर्षं मनात वागवलं. मग २०२५ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास आला. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणारी मुलं गुंतागुंतीचे हिशोब तोंडी बिनचूक करतात, पण तोच हिशोब शाळेच्या पद्धतीने मांडला की अडतात. आणि वहीत पटापट गणितं सोडवणारी शाळेतली मुलं बाजारातल्या हिशोबाला अडखळतात. एकीकडचं दुसरीकडे आपोआप जात नाही. माझ्या त्या मुलाने हेच सांगितलं होतं.

म्हणजे नुसतं बाजारात बसवून भागत नाही आणि नुसती वही भरूनही नाही. मधे पूल बांधावा लागतो. सुट्टीतल्या वीस मिनिटांपैकी दहा मिनिटं या पुलाची : आज घरात जे मोजलं गेलं, त्यातला एक हिशोब तोंडी करायचा आणि मग तोच वहीत शाळेच्या रीतीने मांडायचा. एकच. रोज नवा. वजाबाकीत ५०० ची नोट सुटी करताना हातचा म्हणजे काय ते त्याला हाताने दिसलं पाहिजे. यासाठी छापील पान लागत नाही, जुन्या वहीची मागची पानं पुरतात.

उरलेली दहा मिनिटं मोठ्याने वाचायचं. कुणाला तरी वाचून दाखवायचं. ऐकणाऱ्याला वाचता यायलाच पाहिजे असं नाही. रातांबे फोडत बसलेली आजी उत्तम श्रोता असते, कारण तिला पुढे काय झालं ते खरोखर जाणून घ्यायचं असतं. वेळ दुपारची, जेवणं झाल्यावर. अकरा ते चार या वेळात आपल्याकडचा दमट उकाडा असा असतो की लहान मुलांना बाहेर सोडूच नये. तेव्हा ओटीवर सावलीत सगळी असतातच. सकाळ आणि संध्याकाळ खेळाची, तिला हात लावायचा नाही.

खेळाबद्दल माझी फार कळकळीची विनंती आहे. खेळाचा पाठ करू नका. हल्ली मी बघते, मूल लगोरी रचत असतं आणि मोठं माणूस लांबून ओरडतं, “सात आणि सात किती?” मुलाचा चेहरा तिथेच पडतो. विटीदांडूत वकट, लेंड, मुंड म्हणत दांडूने अंतर मोजणारं पोर लांबी मोजायला शिकतंच आहे, चिंचोके मुठीत धरून ‘एकी का बेकी’ विचारणारं सम-विषम शिकतंच आहे, पण हे त्याला सांगायला जाऊ नये. खेळात कुणाला घ्यायचं, हरल्यावर रडायचं की पुन्हा उतरायचं, मोठ्या पोराने फसवलं तर काय करायचं, हे सगळं तिथेच ठरत असतं, आणि मोठं माणूस मधे आलं की थांबतं. नुसतं बाहेर असण्याचाही लाभ आहे. चीनमधल्या ग्वांगझो शहरात १२ शाळांत पहिलीच्या मुलांवर तीन वर्षं अभ्यास झाला, तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या शाळांनी रोज ४० मिनिटं जास्त बाहेर काढली, तिथे ३०.४ टक्के मुलांना लांबचं धूसर दिसायला लागलं, म्हणजे लघुदृष्टी आली. इतर शाळांत ३९.५ टक्के. आपल्या मुलांना हे उजेडाचं औषध फुकट मिळतं, आणि आपण त्यांना खोलीत बसवतो.

खरं तर खेळाची जागा अभ्यासाने घेतलेली नाही, मोबाईलने घेतली आहे. वाडीतही दुपारी पाच-सहा पोरं एका फोनवर वाकलेली दिसतात. मुंबईहून चाकरमान्यांची मुलं येतात ती स्वतःचे फोन घेऊनच. ‘मोबाईल नको’ असं नुसतं बजावून फोन सुटत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. हातात दुसरं काहीतरी द्यावं लागतं.

आणि ते दुसरं काहीतरी तुमच्याकडे आहे. शाळेच्या कपाटात आहे. जवळजवळ प्रत्येक शाळेत गोष्टींच्या पुस्तकांचं एक कपाट असतं. वर्षभर त्यातली थोडी निघतात आणि एप्रिलअखेर मोजदाद होऊन कुलूप लागतं. पुस्तकं हरवली तर भरून कोण देणार, ही भीती. मीही त्या भीतीने ३१ वर्षं कुलूप लावलं. आज वाटतं, दहा पुस्तकं हरवली असती तर काय झालं असतं? ज्या ४५ दिवसांत मुलाला वाचायला मोकळा वेळ असतो, नेमके तेच ४५ दिवस पुस्तकं अंधारात. त्या पुस्तकांना वाळवी लागली तर आपण ती नोंदीतून वजा करायचा, निर्लेखनाचा, कागद करतो. मुलाने हरवलं तर मात्र गुन्हा.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये आपल्याच कोकण किनाऱ्यावर, डहाणूजवळच्या बोर्डीत काम सुरू केलं. मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्या अंगणात गेल्या, तिथून अंगणवाडी आली. पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली. महागडी साधनं नव्हती म्हणून बिया, शिंपले, पानं, माती हीच साधनं केली. मूल जिथे आहे तिथे शाळेने जायचं, हे त्यांनी करून दाखवलं. मे महिन्यात आपली मुलं ओटीवर, आगरात आणि बंदरावर असतात. तिथे तुम्ही यावं असं मी म्हणत नाही, सुट्टी तुम्हालाही हवी आणि ती तुमच्या हक्काची आहे. पण पुस्तक जाऊ शकतं.

तेव्हा माझं मागणं असं. १ मेला झेंडावंदनाला पालक शाळेत येतात, त्याच दिवशी निकालपत्रकं मिळतात. त्या निकालपत्रकाबरोबर प्रत्येक मुलाच्या हातात चार पुस्तकं द्या. पहिलीच्या मुलाला चित्रांची आणि मोठ्या टाइपाची, चौथीच्या मुलाला त्याला हवी ती, त्याने स्वतः निवडलेली. चारही वाचून झाली की वाडीतल्या वाडीत बदलू द्या. छापील पुस्तिका पालकांना विकत आणायला सांगू नका, आणि सह्यांच्या चौकटी काढून टाका. वीस मिनिटांचं काय करायचं ते पालकसभेत पाच मिनिटांत तोंडी सांगा. लिहून पाठवलेली सूचना वाचली जाईलच असं नाही, पण बाईंनी समोर सांगितलेलं आईच्या लक्षात राहतं. हरवलेल्या पुस्तकांचा प्रश्न व्यवस्थापन समितीने आधीच ठराव करून सोडवावा, म्हणजे मुख्याध्यापकांच्या डोक्यावर टांगती तलवार राहणार नाही. आणि जूनमध्ये पहिला आठवडाभर वह्या तपासू नका. मुलांना मे सांगू द्या. संध्याकाळी काय खेळलात, काय खाल्लंत ते मुलांना वर्गात बोलू द्यावं, असं दप्तर धोरणातही आहे. काजूच्या बियांचा हिशोब, भरतीचा तक्ता, आजीला वाचून दाखवलेली गोष्ट, सगळं त्यात येईल, आणि कोण कुठे अडतंय ते तुम्हाला त्या बोलण्यातच कळेल.

आमच्या गावच्या शाळेच्या समितीशी मी बोलले आहे. नोंदवही ठेवणार कोण, हा एकच प्रश्न त्यांच्यापुढे होता. ते काम माझ्याकडे द्या असं मी सांगितलं. १ मेला झेंडावंदन झालं की मी व्हरांड्यात टेबल घेऊन बसते, आणि सुट्टीत दर शनिवारी संध्याकाळी पुस्तकं बदलून द्यायलाही. शेजारची ती पोर आता दुसरी संपवते आहे, तिला मी मदतनीस केलं आहे. पुस्तकांची नावं ती वाचेल, मी लिहीन. तुमच्या गावातही कुणीतरी निवृत्त गुरुजी किंवा बाई असतीलच. त्यांना एकदा विचारून बघा.

कळावे,
आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
ता. दापोली, जि. रत्नागिरी